व्याजाची वजावट आणि घरखरेदीचा निर्णय : फोर्ट विल्यम ते कलम २४

अभियांत्रिकीच्या अभ्यासक्रमात अर्थशास्त्राचा एक छोटासा पेपर असतो. त्यात व्याज, मासिक हप्ता, वर्तमान मूल्य ही प्रकरणे शिकवताना वर्गात एक प्रश्न हमखास येतो : "गृहकर्ज घेतले की प्राप्तिकर वाचतो म्हणतात, मग भाड्याने राहण्यापेक्षा घर घेणेच शहाणपणाचे नाही का?" प्रश्न साधा आहे, पण त्याच्या पोटात दोन वेगळे प्रश्न दडलेले आहेत. पहिला, ही सवलत कायद्यात आली कुठून आणि कशासाठी? दुसरा, तिच्यामुळे माणसे खरोखर घर घेण्याकडे वळतात का? पहिल्या प्रश्नाचे उत्तर इतिहासात आहे आणि ते समजले की दुसऱ्याचे उत्तर सोपे होते. म्हणून या टिपणाची सुरुवात आपण कोलकात्यापासून करणार आहोत.

१. फोर्ट विल्यम : किल्ला आणि सरकार

हुगळीच्या काठचा आजचा फोर्ट विल्यम हा या नावाचा दुसरा किल्ला. पहिला ईस्ट इंडिया कंपनीने सतराव्या शतकाच्या अखेरीस बांधायला घेतला. १७५६ मध्ये तो सिराजउद्दौल्याने जिंकला. प्लासीच्या लढाईनंतर, १७५८ मध्ये, नव्या किल्ल्याचे काम सुरू झाले. भोवतीची मोकळी जागा म्हणजे आजचे मैदान. सध्या तेथे भारतीय लष्कराच्या पूर्व विभागाचे मुख्यालय आहे. २०२५ च्या सुरुवातीला या किल्ल्याचे नाव 'विजय दुर्ग' केल्याची बातमी आली. आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातील विजयदुर्गावरून हे नाव घेतले आहे.

आपल्याला मात्र किल्ल्याच्या तटबंदीपेक्षा त्याच्या नावाने चाललेला कारभार महत्त्वाचा आहे. कायद्याच्या भाषेत बंगाल इलाख्याचे नावच 'फोर्ट विल्यम इन बेंगॉल' असे होते. १८६२ मध्ये सुरू झालेले कलकत्ता उच्च न्यायालयही आपल्या स्थापनापत्रात 'फोर्ट विल्यम येथील उच्च न्यायालय' म्हणूनच नोंदले गेले. गहाण, व्याज आणि प्राप्तिकर या तिन्हींचे भारतातले सुरुवातीचे कायदे याच सत्ताकेंद्रातून निघाले.

२. गहाणाचे नियम

घरावरचे कर्ज म्हणजे गहाण. गहाणाचे कायदे करताना सरकारपुढे नेहमी एकच पेच असतो : सावकाराला पैसे परत मिळण्याची खात्री द्यायची, पण कर्जदाराचे घर एका फटक्यात जाऊ द्यायचे नाही.

१७९३ च्या पंधराव्या रेग्युलेशनने बंगालमध्ये व्याजाची कमाल मर्यादा वर्षाला १२ टक्के ठरवली. त्या काळी सशर्त विक्रीची पद्धत सर्रास होती. मुदतीत पैसे दिले नाहीत तर विक्री कायम, असा करार होई. आपल्याकडे यालाच 'मुदत खरेदी' म्हणतात. १८०६ च्या सतराव्या रेग्युलेशनने अशा व्यवहारात कर्जदाराला न्यायालयाच्या नोटिशीनंतर एक वर्षाची सवड दिली. पुढे १८५५ च्या कायद्याने व्याजाची कमाल मर्यादा उठली आणि व्याजाचा दर करारावर सोपवला गेला.

१८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा हा पुढचा टप्पा. त्यात गहाणाचे प्रकार नीट मांडले गेले. घराची मूळ कागदपत्रे सावकाराच्या हवाली करून केलेले गहाण नोंदणीशिवायही चालेल, अशी मुभा कलकत्ता, मद्रास, मुंबई अशा मोजक्या व्यापारी शहरांसाठी ठेवली होती. १९२९ च्या दुरुस्तीने हा प्रकार कलम ५८(एफ) मध्ये स्पष्टपणे आला, आणि पुढे राज्य सरकारांनी अधिसूचना काढून तो इतर शहरांतही नेला. आज बँक 'ओरिजिनल पेपर्स' ठेवून घेते, ती याच पद्धतीने. म्हणजे गृहकर्जाची कायदेशीर चौकट प्राप्तिकराच्या सवलतीवर उभी नाही. ती तिच्याआधीची आणि तिच्याहून स्वतंत्र आहे. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

३. १८६० : प्राप्तिकर येतो

१८५७ च्या उठावानंतर हिंदुस्थान सरकारचे कर्ज प्रचंड वाढले. तिजोरी सावरण्यासाठी लंडनहून जेम्स विल्सन यांना पाठवण्यात आले. 'द इकॉनॉमिस्ट' हे साप्ताहिक १८४३ मध्ये काढणारे ते हेच विल्सन. १८५९ च्या अखेरीस ते कलकत्त्याला पोचले आणि १८६० च्या अंदाजपत्रकात त्यांनी प्राप्तिकराचा प्रस्ताव मांडला. १८६० चा बत्तिसावा कायदा २४ जुलै रोजी लागू झाला. प्राप्तिकर विभाग आजही २४ जुलै हा 'प्राप्तिकर दिन' म्हणून पाळतो. वर्षाला २०० ते ५०० रुपये उत्पन्नावर २ टक्के आणि त्यावरील उत्पन्नावर ४ टक्के, असा हा कर होता.

विरोध भरपूर झाला. मद्रासचे गव्हर्नर चार्ल्स ट्रेव्हेलियन यांनी तो इतका उघडपणे केला की त्यांना परत बोलावून घेण्यात आले. कायदा लागू झाल्यावर जेमतेम तीन आठवड्यांनी, ११ ऑगस्ट १८६० रोजी, विल्सन यांचे कलकत्त्यातच आमांशाने निधन झाले. पाच वर्षांच्या मुदतीचा तो कर १८६५ मध्ये संपला. त्यानंतर कधी परवाना कर, कधी पुन्हा प्राप्तिकर, असे प्रयोग चालत राहिले. कायमचा म्हणता येईल असा कायदा आला तो १८८६ मध्ये.

विल्सन यांच्यासमोर नमुना ब्रिटिश कायद्याचा होता. ब्रिटनमध्ये १८०३ पासून उत्पन्नाच्या वेगवेगळ्या अनुसूची होत्या. त्यांतली 'अनुसूची अ' जमीन आणि घरे यांच्यासाठी होती. तिच्यात एक कल्पना होती, ती आपल्या विषयाचा कणा आहे.

४. स्वतःलाच दिलेले भाडे

समजा, शेजारी शेजारी दोन सारखी घरे आहेत. एका घराचा मालक ते भाड्याने देतो आणि स्वतः दुसऱ्याच्या घरात भाड्याने राहतो. दुसऱ्या घराचा मालक स्वतःच्याच घरात राहतो. पहिल्याच्या हातात भाडे येते, म्हणून त्याला कर लागतो. दुसऱ्याच्या हातात रोख काही येत नाही, पण त्याचे भाडे वाचते. अर्थशास्त्राच्या दृष्टीने हे वाचलेले भाडे म्हणजे उत्पन्नच. जणू तो मालक म्हणून स्वतःलाच भाड्याने घर देतो. याला 'आनुमानिक भाडे' म्हणतात. दोघांना सारखे वागवायचे तर दुसऱ्याच्या आनुमानिक भाड्यावरही कर हवा.

१८८६ च्या कायद्यात हे तत्त्व स्पष्ट आहे. मालक स्वतः राहत असलेली इमारतही उत्पन्नाचे साधन मानली गेली आणि ती भाड्याने दिली असती तर जे भाडे आले असते त्याच्या पाच-षष्ठांश रकमेवर कर धरला गेला. उरलेला एक-षष्ठांश भाग साधारणपणे दुरुस्तीखर्चासाठी. मात्र तेव्हा करमाफीची मर्यादा ५०० रुपये होती, कराचा दर रुपयामागे ४ ते ५ पै होता आणि रुपयाचे १९२ पै होत. म्हणजे सर्वांत वरचा दरसुद्धा २.६ टक्क्यांच्या आसपास. एवढ्या करासाठी कोणी घर घेण्याचा किंवा न घेण्याचा विचार करणे शक्यच नव्हते.

१९२२ च्या प्राप्तिकर कायद्यातील कलम ९ आपल्यासाठी अधिक महत्त्वाचे आहे. घराचे 'वार्षिक मूल्य' उत्पन्न म्हणून धरायचे आणि त्यातून काही खर्च वजा करायचे, अशी त्याची रचना होती. दुरुस्तीसाठी एक-षष्ठांश, विम्याचा हप्ता, जमिनीचे भाडे, शेतसारा, वसुलीचा खर्च, आणि घर गहाण असेल तर त्या गहाणावरचे व्याज. आजच्या वजावटीचे मूळ इथे आहे.

ही वजावट तेव्हा सवलत म्हणून दिलेली नव्हती, हे इथे समजून घ्यायला हवे. दुकानदार नफा काढताना मालासाठी घेतलेल्या कर्जाचे व्याज वजा करतो, त्यात सरकारची मेहेरबानी नसते. उत्पन्न मिळवण्यासाठी जो खर्च झाला तो वजा करायचा, एवढाच तो हिशेब. घराचे भाडे (खरे किंवा आनुमानिक) जर उत्पन्न असेल, तर ते घर उभे करण्यासाठी काढलेल्या कर्जाचे व्याज हा त्याचा खर्च. नाण्याच्या दोन बाजू : एका बाजूला आनुमानिक भाड्यावर कर, दुसऱ्या बाजूला व्याजाची वजावट.

याच कलमात राहत्या घराला थोडा दिलासा होता. स्वतःच्या राहत्या घराचे वार्षिक मूल्य मालकाच्या एकूण उत्पन्नाच्या १० टक्क्यांहून अधिक धरायचे नाही, असे त्यात म्हटले होते. नाण्याची एक बाजू झिजायला सुरुवात झाली ती इथून.

५. भाडेनियंत्रण आणि घसरलेले वार्षिक मूल्य

पहिल्या महायुद्धाच्या सुमारास मुंबईत (१९१८) आणि कलकत्त्यात (१९२०) भाडेनियंत्रणाचे कायदे आले. दुसऱ्या महायुद्धानंतर ते अधिक कडक झाले : मुंबईचा १९४७ चा कायदा, पश्चिम बंगालचा १९५६ चा कायदा. भाडे गोठले. 'कॉर्पोरेशन ऑफ कलकत्ता विरुद्ध पद्मा देबी' या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्ये ठरवले की, कायद्याने ठरलेल्या प्रमाण भाड्यापेक्षा जास्त भाडे 'वाजवीपणे अपेक्षित' धरता येणार नाही. खटला महापालिकेच्या घरपट्टीचा होता. पण तेच तत्त्व १९८१ मध्ये शीला कौशिश यांच्या खटल्यात प्राप्तिकरालाही लागू झाले. परिणामी, शहरांतल्या मोठमोठ्या घरांचे करपात्र वार्षिक मूल्य बाजारातल्या भाड्याच्या मानाने नाममात्र राहिले.

भाडे गोठले की नवीन चाळी बांधण्यात पैसा गुंतवायला कोणी तयार होत नाही. मुंबईत भाड्याच्या चाळींची जागा हळूहळू मालकी हक्काच्या सदनिका आणि सहकारी गृहनिर्माण संस्था यांनी घेतली. महाराष्ट्राला १९६३ मध्ये मालकी सदनिकांसाठी वेगळा कायदा करावा लागला. शहरातल्या मध्यमवर्गाला मालकीच्या घराकडे ढकलण्यात करसवलतीपेक्षा भाड्याच्या घरांच्या टंचाईचा हात मोठा होता. भाड्याने घर मिळतच नसेल तर 'भाडे की खरेदी' हा निर्णय निर्णय उरतच नाही.

६. १९८६ : कर गेला, वजावट राहिली

१९६१ च्या प्राप्तिकर कायद्यात घराच्या उत्पन्नासाठी कलम २२ ते २७ आहेत. मूळ कायद्यात राहत्या घराचे वार्षिक मूल्य कमी करून धरले जाई आणि त्यातून वजावटी मिळत. पण त्या वजावटींची बेरीज घराच्या वार्षिक मूल्याहून जास्त होऊ शकत नसे. म्हणजे वजावटीमुळे घराचे उत्पन्न शून्यापर्यंत येई, उणे होत नसे.

विश्वनाथ प्रताप सिंह अर्थमंत्री असताना, १९८६ च्या वित्त कायद्याने ही पद्धत सोपी केली. १९८७-८८ या आकारणी वर्षापासून स्वतः राहत असलेल्या एका घराचे वार्षिक मूल्य शून्य धरले जाऊ लागले. सामान्य माणसाची आकडेमोड वाचली आणि जाच संपला. पण त्याच वेळी कर्जावरच्या व्याजाची ५,००० रुपयांपर्यंतची वजावट चालू ठेवली गेली.

इथे नाणे एकाच बाजूचे झाले. उत्पन्न शून्य, पण त्या नसलेल्या उत्पन्नासाठीचा खर्च मात्र वजा. शून्यातून पाच हजार गेले की उणे पाच हजार आणि तो 'तोटा' पगारातून वजा. हिशेबाची बाब होती, तिचे अनुदान झाले. ब्रिटनमध्येही हेच आधी घडून गेले होते. तेथे राहत्या घराच्या आनुमानिक भाड्यावरचा कर १९६३ मध्ये काढला गेला, पण व्याजाची सवलत राहिली.

७. मर्यादेची चढण

पाच हजारांची मर्यादा पुढे टप्प्याटप्प्याने वाढली. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस ती ३०,००० होती. १९९९ च्या अंदाजपत्रकात यशवंत सिन्हा यांनी, १ एप्रिल १९९९ नंतरच्या कर्जांसाठी, ती ७५,००० केली. २००० मध्ये १ लाख, २००१ मध्ये दीड लाख. त्यानंतर ती २०१४ पर्यंत तशीच राहिली. त्या वर्षी अरुण जेटली यांनी ती २ लाख केली. पहिल्यांदा घर घेणाऱ्यांसाठी काही मर्यादित काळाच्या जादा वजावटीही आल्या : २०१३ आणि २०१६ मध्ये कलम ८० ईई, २०१९ मध्ये ८० ईईए. २०१९ पासून एकाऐवजी दोन घरे 'स्वतःच्या राहण्याची' धरता येऊ लागली.

१९९९ नंतरच्या चार-पाच वर्षांत गृहकर्जांचा बाजार झपाट्याने वाढला, हे खरे. मग वजावटीनेच तो वाढला असे म्हणावे का? त्याच काळात आणखी काय काय झाले ते पाहा. गृहकर्जाचे व्याजदर तेराचौदा टक्क्यांवरून आठ टक्क्यांच्या आसपास उतरले. १९७७ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या एचडीएफसीने घातलेल्या पायवाटेवर आता मोठ्या बँका उतरल्या. १९८८ मध्ये सुरू झालेली राष्ट्रीय आवास बँक पुनर्वित्त पुरवत होती. २००२ च्या सरफेसी कायद्याने बँकांना थकीत कर्जाचे तारण न्यायालयात न जाता ताब्यात घेण्याचा अधिकार मिळाला. माहिती तंत्रज्ञानातले पगारही वाढले. इतक्या गोष्टी एकदम बदलल्यावर एकीलाच श्रेय देता येत नाही. प्रयोगशाळेत एका वेळी एकच चल बदलायचा असतो, हे अभियंत्यांना वेगळे सांगायला नको. इतिहासात ती सोय क्वचितच मिळते.

याच सुमारास, २००२ मध्ये, विजय केळकर यांच्या अध्यक्षतेखालील कृतिदलाने प्रत्यक्ष करांचा आढावा घेताना ही वजावट आवरती घ्यावी आणि तिच्या जागी लहान कर्जांवर व्याजाचे थेट अनुदान असावे, अशा दिशेने विचार मांडला. मध्यमवर्गातून जोरदार विरोध झाला आणि वजावट जागेवर राहिली. एकदा मिळालेली सवलत काढणे राजकारणात किती अवघड असते, याचे हे उदाहरण आहे.

८. आकडेमोड : कोणाला किती?

आता एक उदाहरण सोडवू. २५ लाखांचे कर्ज, दर ९ टक्के, मुदत २० वर्षे. मासिक हप्ता सुमारे २२,४९३ रुपये. पहिल्या वर्षी भरलेल्या सुमारे २,६९,९०० रुपयांपैकी मुद्दल फक्त सुमारे ४६,८०० आणि व्याज सुमारे २,२३,१००. जुन्या करपद्धतीत यातले २ लाख वजा होतात. तीन कर्जदार घेऊ. उत्पन्न म्हणजे इतर सर्व वजावटी झाल्यावरचे, पण व्याज वजा करण्यापूर्वीचे करपात्र उत्पन्न.

पहिला, उत्पन्न साडेचार लाख. जुन्या पद्धतीत ५ लाखांपर्यंत कलम ८७ ए ची करमाफी असल्याने त्याला मुळात कर नाही. वजावटीचा फायदा : शून्य. खरा व्याजदर : ९ टक्के.

दुसरा, उत्पन्न ८ लाख. २० टक्के टप्पा. उपकर धरून वाचलेला कर ४१,६००. पहिल्या वर्षाचा खरा व्याजदर : सुमारे ७.३ टक्के.

तिसरा, उत्पन्न १४ लाख. ३० टक्के टप्पा. वाचलेला कर ६२,४००. खरा व्याजदर : सुमारे ६.५ टक्के.

बँक तिघांना सारखाच दर लावते. सरकारमुळे मात्र ज्याचे उत्पन्न सर्वांत जास्त त्याला कर्ज सर्वांत स्वस्त पडते आणि ज्याला घर घेणे सर्वांत जड जाते त्याला एक पैसाही मिळत नाही. हा कोणाचा कट नाही. 'वजावट' या साधनाची रचनाच अशी आहे : तिची किंमत म्हणजे व्याज गुणिले कराचा दर.

आता मूळ प्रश्न : भाडे की खरेदी? दुसऱ्या कर्जदाराने ४० लाखांचे घर घेतले असे धरू. १५ लाख स्वतःचे, २५ लाख कर्ज. तसेच घर महिना १०,००० भाड्याने मिळते. मालकीचा पहिल्या वर्षाचा खर्च असा : करबचत वजा जाता व्याज १,८१,५००, स्वतःच्या १५ लाखांवर ठेवीत मिळाले असते ते ६ टक्क्यांनी ९०,००० आणि देखभाल, घरपट्टी वगैरे ३५,०००. एकूण ३,०६,५००. त्यातून वाचलेले भाडे १,२०,००० वजा केले की उरतात सुमारे १,८६,५००. घराची किंमत वर्षाला सुमारे ४.७ टक्क्यांनी वाढली तरच ही खरेदी भाड्याच्या बरोबरीला येते. वजावट नसती तर हा आकडा ५.७ टक्के झाला असता. म्हणजे वजावटीने तराजू साधारण एका टक्क्याने हलवला. उरलेला सगळा निर्णय व्याजदर, भाडे आणि किंमतवाढीच्या अपेक्षेवर अवलंबून आहे. मुद्दलाचा हप्ता खर्चात का धरला नाही, हे स्वतः शोधा.

आणखी एक गोष्ट. वर्षाला ४१,६०० म्हणजे महिन्याला सुमारे ३,४६७ रुपये. घेणारा हे पैसे हप्त्यात घालू शकतो, म्हणजे त्याची कर्ज घेण्याची ऐपत २५ लाखांवरून सुमारे २८ लाख ८५ हजारांवर जाते. एकट्यालाच ही सवलत असती तर त्याला मोठे घर मिळाले असते. पण त्याच इमारतीसाठी रांगेत उभ्या असलेल्या सर्वांनाच ती असेल आणि शहरात जागा मर्यादित असेल, तर वाढलेल्या ऐपतीचा काही भाग किमतीतच मुरतो. सवलत घेणाऱ्याच्या नावाने येते आणि विकणाऱ्याच्या खिशात जाते. शिवाय वरच्या उदाहरणात सहाव्या वर्षापासून व्याज २ लाखांच्या खाली जाते आणि बचतही दरवर्षी कमी होत जाते. वाढलेली किंमत मात्र वीस वर्षे फेडावी लागते.

९. बाहेरचा पुरावा

अमेरिकेच्या १९१३ च्या प्राप्तिकर कायद्यात सर्वच प्रकारच्या व्याजाची वजावट होती. घरांना उत्तेजन देण्याचा त्यात हेतू नव्हता. १९८६ च्या सुधारणेत इतर वैयक्तिक कर्जांवरची वजावट काढली गेली आणि घराची तेवढी राहिली. ब्रिटनने १९७४ मध्ये कर्जाच्या रकमेवर मर्यादा घातली, १९८० आणि १९९० च्या दशकांत सवलत कमी करत नेली आणि एप्रिल २००० मध्ये ती पूर्ण बंद केली. त्यामुळे तेथील घरमालकीची व्यवस्था कोसळली नाही.

सर्वांत नेटका पुरावा डेन्मार्कचा. १९८७ च्या करसुधारणेने तेथे वरच्या उत्पन्नगटासाठी व्याजाच्या वजावटीचे मोल एकदम घटले, इतरांसाठी तितके घटले नाही. जोनाथन ग्रुबर, अमाली येन्सन आणि हेन्रिक क्लेव्हन या अर्थशास्त्रज्ञांनी या गटांची तुलना केली. निष्कर्ष असा : माणूस घरमालक होतो की नाही यावर वजावटीचा परिणाम जवळपास शून्य, पण किती मोठे घर घ्यायचे आणि किती कर्ज काढायचे यावर परिणाम स्पष्ट. स्वित्झर्लंडने नाण्याच्या दोन्ही बाजू दीर्घकाळ जपल्या. सप्टेंबर २०२५ च्या सार्वमतात तेथील मतदारांनी आनुमानिक भाड्यावरचा कर काढायला संमती दिली, आणि त्याच्याबरोबर व्याजाची वजावटही बहुतांशी जाणार आहे. १९८६ मध्ये आपण केले नाही ते हेच.

भारतात २०११ च्या जनगणनेनुसार ८६.६ टक्के कुटुंबे स्वतःच्या घरात राहत होती. ग्रामीण भागात ९४.७ टक्के, शहरांत ६९.२ टक्के. ज्या ग्रामीण भागात प्राप्तिकर भरणारे तुरळक, तिथेच घरमालकी सर्वांत जास्त. अर्थात यातली सगळी घरे पक्की किंवा पुरेशी आहेत असे नाही. पण मालकी हक्काचे मूळ करसवलतीत नाही, एवढे यातून दिसते.

१०. २०२० नंतर, आणि किल्ल्यातला अधिकारी

२०२० मध्ये कलम ११५ बीएसी खाली नवी करपद्धत आली. दर कमी, पण राहत्या घराच्या व्याजाची वजावट नाही. २०२३ पासून हीच पद्धत मूलभूत मानली जाते, जुनी हवी असेल तर निवडावी लागते. २०२४-२५ या आकारणी वर्षासाठी ३१ जुलै २०२४ पर्यंत भरलेल्या ७.२८ कोटी विवरणपत्रांपैकी ५.२७ कोटी, म्हणजे ७२ टक्के, नव्या पद्धतीची होती. प्राप्तिकर कायदा, २०२५ हा १ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या कायद्याची जागा घेतो. गाजावाजा न होता, बहुसंख्य करदात्यांसाठी ही वजावट मागे पडली आहे.

शेवटी पुन्हा फोर्ट विल्यमकडे येऊ. समजा, साताऱ्याचा एक अधिकारी तेथे नेमणुकीवर आहे. राहायला सरकारी निवासस्थान. साताऱ्यात कर्ज काढून घर बांधले आहे, ते बंद आहे. नोकरीमुळे परगावी राहावे लागत असल्याने कायदा त्याचे रिकामे घरही राहतेच मानतो : मूल्य शून्य आणि जुन्या पद्धतीत व्याजाची २ लाखांपर्यंत वजावट. २०२५ च्या अंदाजपत्रकाने तर 'नोकरीमुळे' ही अटही सैल केली. त्याने घर भाड्याने दिले तर भाडे करपात्र होते. तेव्हा सगळे व्याज वजा होते, पण २०१७-१८ पासून तोट्यापैकी २ लाखच पगारातून वजा करता येतात. कुलूप लावलेल्या घरालाही सवलत मिळते आणि त्याच साताऱ्यात खोली शोधणाऱ्या, प्राप्तिकराच्या मर्यादेखालच्या शिक्षकाला किंवा कामगाराला काही मिळत नाही. पगारदार भाडेकरूला जुन्या पद्धतीत घरभाडे भत्त्याची सूट आहे, हे खरे. पण तीही कर भरणाऱ्यालाच. निवाऱ्यासाठी सरकारने खर्च केलेला पैसा कोणाच्या डोक्यावर छप्पर घालतो, हा प्रश्न इथे उरतो.

सारांश

व्याजाची वजावट जन्मली ती आनुमानिक भाड्यावरील कराची जोडीदार म्हणून. १९८६ मध्ये कर गेला आणि वजावट अनुदान बनून राहिली. ती किती मोलाची हे कराच्या टप्प्यावर ठरते, म्हणून ती वरच्या उत्पन्नगटाकडे झुकते. घर घ्यावे की नाही यापेक्षा घर किती मोठे आणि कर्ज किती, यावर तिचा प्रभाव अधिक. तुम्ही उद्या नोकरीला लागाल आणि घराचा विषय निघेल, तेव्हा आधी वजावट शून्य धरून हिशेब करा. तसा तो जमत असेल तर घर घ्या. केवळ वजावटीमुळे जमत असेल, तर तो हिशेब दुसऱ्या कुणाच्या तरी पुढच्या अंदाजपत्रकावर उभा आहे, हे लक्षात ठेवा.

स्वाध्याय

१. वरील उदाहरणातील कर्ज नव्या करपद्धतीत घेतले तर बरोबरीला येण्यासाठी किंमतवाढीचा दर किती लागेल? कारणासह लिहा.

२. भाड्याचे घर महिना १५,००० ला मिळत असेल तर निर्णय कसा बदलेल? किंमतवाढीचा नवा दर काढा.

३. वजावटीऐवजी प्रत्येक पहिल्या घराच्या कर्जावर सारखे थेट अनुदान दिले, तर आठव्या विभागातील तीन कर्जदारांपैकी कोणाचा फायदा, कोणाचा तोटा?

४. तुमच्या गावातील किंवा शहरातील चार कुटुंबांशी बोलून, घर घेताना करबचतीचा विचार किती झाला होता, याची नोंद करा. कुटुंबांची नावे लिहू नका.